सहावा मुद्दा आधी

‘घरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणाऱ्यांनो, हे सात नियम पाळा, जीव वाचवा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’. असले मेसेज मी वाचत नाही. पण परवा दादाचा फोन आला. गाडी नवी, पहिलाच आठवडा. “अरे, चार्जरवर लाल दिवा लागत होता. त्या मेसेजमधली युक्ती केली, आता झकास हिरवा लागतो.” ती युक्ती म्हणजे सातांपैकी सहावा मुद्दा. तेव्हा क्रम गेला खड्ड्यात, सुरुवात सहाव्यापासूनच करतो.

मेसेज म्हणतो: अर्थिंगचा लाल दिवा लागला तर घाबरू नका, सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ छोट्या तारेने जोडा, दिवा जातो.

दिवा जातो, हे खरं आहे. का जातो ते ऐका. न्यूट्रल ही वीज परत जायची वाट, अर्थ ही गळलेली वीज जमिनीत नेणारी सुरक्षेची तार. सगळं ठीक असताना तिच्यावर जवळपास शून्य व्होल्ट असतात, म्हणून चार्जरचा डबा फसतो, त्याला वाटतं अर्थ मिळाला. आता मेन बोर्डात किंवा बाहेर खांबावर न्यूट्रलचा एक स्क्रू ढिला झाला असं धरा. फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेची, वीज घरातल्या चालू पंख्यातून, फ्रीजमधून न्यूट्रलवर येते आणि पुढे वाटच नाही. म्हणजे त्या न्यूट्रलवर आता २३० व्होल्ट. तो दादाने अर्थच्या पिनला जोडलाय, आणि अर्थची पिन केबलमधून थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे वीज जमिनीत उतरत नाही, काही उडत नाही, कुणाला काही कळत नाही. मग कुणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून गाडीच्या धातूला हात लावतं.

आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आधीच उलटे जोडलेले असतील, तर स्क्रू ढिला व्हायचीही गरज नाही. बटण दाबलं की सांगाड्यावर फेज.

“पण एमसीबी आहे ना?” दादाचा प्रश्न. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बोर्डातलं बटण, वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. छातीतून अँपिअरचा काही शतांश भाग गेला तरी हृदय बंद पडू शकतं. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या ते गावीही नसतं. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जाणारी आणि परत येणारी वीज जुळली नाही की पुरवठा तोडणारा स्विच, आणि ही युक्ती नेमका त्यालाच आंधळा करते: गाडीतून गळलेली वीज त्या तारेच्या तुकड्यातून न्यूट्रलवर परत येते, जाणारी आणि येणारी बेरीज जुळते, आरसीसीबी स्वस्थ बसतो.

आता यावर हमखास येणारं उत्तर: “वीज कंपनीसुद्धा न्यूट्रल आणि अर्थ जोडतेच की!” हो, जोडते. अर्धसत्य आहे, मान्य करावं लागतं. अनेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा घरात वीज शिरते तिथे ते जोडलेले असतात, जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडसकट. सॉकेटच्या मागे बोटभर तारेने नव्हे. आणि गंमत बघा, ब्रिटनमध्ये असा रीतसर जोड असलेल्या घरांतही बाहेर उभी गाडी चार्ज करायची तर तिथल्या वायरिंगच्या नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ च्या भाग ७२२ मध्ये, न्यूट्रल आणि अर्थ दोन्हींची सामाईक तार तुटली तर काय याचा वेगळा बंदोबस्त करायला लावलाय. रीतसर जोडावरही जिथे एवढा अविश्वास, तिथे आमच्या दादाचा जोड!

लाल दिव्यावर उपाय एकच. अर्थिंग करून घ्यायचं, आणि ‘केलंय साहेब’ या शब्दावर न थांबता ते मोजून घ्यायचं.

चौथा आणि पाचवा मुद्दा एकाच माळेचे मणी. मेसेज म्हणतो: एक्स्टेंशन चालते, फक्त तीन पिनांची घ्या. आणि एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा बसवा. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, गीझरही थोड्या वेळाने थांबतो. गाडी मात्र आठ-आठ तास सलग ओढते. सॉकेटच्या ढिल्या पकडीत ओहमचा एक दशांश इतका रोध जरी आला, तरी १६ अँपिअरला तिथे सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचंच असतं. ते रात्रभर प्लास्टिकमध्ये खुपसून ठेवा, म्हणजे एक्स्टेंशनच्या प्रत्येक जोडापाशी काय चालतं ते समजेल. वायर गुंडाळलेलीच ठेवली तर उष्णतेला बाहेर पडायलाही जागा नाही. आणि पडणारा एमसीबी काही सांगत असतो. जुन्या वायरवर मोठा एमसीबी बसवला की आधी वायर जळते, मग तो पडतो, पडला तर.

पहिला मुद्दा, पावसात चार्जिंग केलं तर शॉक बसतो. मेसेजमधल्या या सगळ्यात गाजलेल्या भीतीला आधारच नाही. आयईसी ६१८५१ हे चार्जिंगचं आंतरराष्ट्रीय मानक वाचा. गन, म्हणजे केबलचं गाडीत खुपसायचं टोक, गाडीत नीट बसेपर्यंत तिच्या पिनांवर वीज नसते. कंट्रोल पायलट नावाच्या बारीक तारेवर चार्जर आधी १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की ते ९ होतात, गाडी ‘तयार’ म्हणाली की ६, आणि तेव्हाच आतला काँटॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, जोडला जाऊन वीज सुटते. गन काढायला लागलात की उलट क्रम. पाण्याची काळजी करायची ती भिंतीकडच्या टोकाची: साधा सॉकेट आणि केबलवरचा डबा कोरड्यातच हवेत. विजा कडाडत असताना प्लग काढलेला बरा, हेही कबूल. पण ते टीव्हीलाही लागू आहे.

दुसरा, रात्री चार्ज करू नका, ‘खुद्द कंपनीच सांगते’. सांगितलं होतं, हे खरं. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांना गाडी बाहेर उभी करा, रात्रभर चार्जिंगला सोडू नका असं कळवलं होतं. कारण बॅटरीच्या सेलमध्येच निर्मितीदोष होता: फाटलेला टॅब (वीज बाहेर आणणारी पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन ध्रुवांमधला पडदा). त्यासाठी सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. मेसेजने तो दोष गाळला आणि सूचना साऱ्या जगाला लावली. आपल्या गाडीसाठी असं काही निघालंय का, ते जरूर तपासा. नसेल तर रात्री खुशाल करा.

तिसरा, बॅटरी शून्यावर आणूनच चार्ज करा, हे जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातलं. लिथियमला त्याने उलट त्रासच होतो. चार्जिंगच्या वेळी मोबाइल लांब ठेवायच्या मुद्द्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

दादाला मेन बंद करायला लावून तो तुकडा फोनवरच काढायला लावला. त्याने फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय, “आता परत लाल लागतोय, गाडी कशी चार्ज करू?” अर्थिंग होईपर्यंत सार्वजनिक चार्जरवर जा म्हटलं. लांब पडतो म्हणाला. पडू दे.