खुराड्यात ॲसिड ओतायला सांगणारे हे शहाणे कोण?

गेले काही दिवस खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर लाल दिवे, मग ‘कोंबड्या पाळणाऱ्यांनो सावधान’ आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचवा’. मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. सीमाप्रश्न सुटो न सुटो, असल्या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत लगेच होतं. मी वाचून सोडून दिला असता. पण जांबोटीकडच्या आमच्या आक्काचा फोन आला, “ब्लीचिंग पावडर आणलीय, फिनेल आणलंय. ते संडासाचं ॲसिड किती टोपणं घालायचं रे?” तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

मेसेजचं सार असं: खुराडं रोज सकाळी पाण्यानं धुवावं. महिन्यातून एकदा ब्लीचिंग पावडर, संडासाचं ॲसिड आणि फिनेल एकत्र कालवून आत शिंपडावं, अर्धा तास दार लावून ठेवावं आणि मग कोंबड्या आत सोडाव्यात. ‘वास जितका उग्र, तितके जंतू साफ.’ एवढं केलं की मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, येतच नाही, लसीची गरज नाही. शिवाय डांबरगोळ्या टांगाव्यात, तंबाखूचा चुरा पसरावा, चुना मारावा. हे सगळं म्हणे ‘एका मोठ्या डॉक्टरांनी’ सांगितलंय. डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही.

ॲसिडचं आधी घेतो. बाकीच्या चुकांनी फार तर कोंबडी जाईल, हिनं माणूस जाईल.

ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी शत्रूवर सोडला तो हाच. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आसपासच्या गावांत निवृत्त सुभेदार-हवालदारांची कमी नाही. त्यांतल्या कुणालाही विचारा, क्लोरीन ही काय चीज आहे. हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. आणि आपलं खुराडं कसलं असतं? परसात, भिंतीला लागून, कमरेच्याही खाली, एक बारकं दार. साफ करणारी बाई त्यात हात आणि डोकं घालून वाकलेली. वायू साचायला आणि तो नाकात जायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

बरं, ॲसिड वगळलं तरी धोका टळत नाही. ओल्या शिटेतून अमोनिया निघतो, आणि ब्लीचिंग नि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतं. डोळे, घसा, छाती जाळणारा तोही वायूच. म्हणजे शीट न काढता नुसतं ब्लीचिंगचं पाणी ओतलं तरी आपण आत भट्टी लावली. दुसऱ्या कशात मिसळू नका, असं ब्लीचच्या बाटलीमागं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ‘मोठ्या डॉक्टरांनी’ तेवढं तरी वाचायचं होतं.

आणि अर्ध्या तासात कोंबड्या आत! पक्ष्याच्या फुफ्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते, जोडीला पोटाछातीत हवेच्या पिशव्या. त्यामुळं वाईट हवा त्याला आपल्याआधी बाधते. विलायतेतल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू कळावा म्हणून १९८६ पर्यंत पिंजऱ्यातली कॅनरी, एक चिमुकला पक्षी, नेत, ती उगाच नव्हे. उग्र वास येतोय याचा अर्थ ते द्रव्य तुमच्या नाकात पोचलंय. जंतू किती मेले हे वासावरून कळत नाही.

आता मान्य करायचं तेवढं करतो. ब्लीचिंग पावडर हे चांगलं जंतुनाशक आहे. पण एकटी, आणि सगळ्यात शेवटी. आधी कोंबड्या बाहेर. मग खुरप्यानं शीट खरडून काढायची, झाडायचं, साबणाच्या पाण्यानं घासायचं, ते धुऊन टाकायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीचिंग घाणीतच खर्ची पडतं, खालच्या लाकडापर्यंत पोचत नाही. स्वच्छ झालेल्या फळ्यांवर १० लिटर पाण्यात साधारण १५० ग्रॅम ताजी पावडर, दहाएक मिनिटं ओली राहू द्यायची, धुवायचं, आणि दार उघडं टाकून खडखडीत वाळवायचं. वास पूर्ण गेल्याशिवाय कोंबडी आत नाही. फिनेल घरात न्हाणीसाठी ठेवा.

दुसरा मुद्दा, रोज पाण्यानं धुण्याचा. हा वरकरणी इतका शहाणपणाचा वाटतो की चिडच येते. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं हे खुराडं रोज भिजवणार आणि वाळवणार कशावर? शेणानं सारवलेली जमीन असेल तर चार दिवसांत चिखल. शिटेतलं युरिक ॲसिड फोडून अमोनिया करणारे जंतू ओल मिळाली की जोरात कामाला लागतात. हवेत दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला की कोंबडीच्या श्वासनलिकेला आणि डोळ्यांना इजा व्हायला लागते. खुराड्यात डोकं घातल्यावर तुमचे डोळे चुरचुरले, तर त्याच हवेत कोंबडी रात्रभर बसलेली असते हे लक्षात घ्या.

पिल्लांची रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, तिचीही किल्ली ओलच. याबद्दल पशुवैद्यांचा जो ठेवणीतला संदर्भग्रंथ आहे, मर्क व्हेटरनरी मॅन्युअल, त्यात स्वच्छ लिहिलंय: शिटेतून पडणारी या परजीवीची अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. पडल्या पडल्या ती बाधतही नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत बाधण्याजोगी होतात. आता हे मेसेजशेजारी ठेवून वाचा. ज्या औषधानं ती मरत नाहीत ते महिन्यातून एकदा, आणि ज्या ओलीनं ती पिकतात ती मात्र रोज सकाळी. रोगाचा प्रचार करायचा असता तरी याहून वेगळं काही लिहावं लागलं नसतं.

मग साफ करायचं कधी, कसं? आक्काला सांगितलं तेच लिहितो. दांडीखाली बारदान किंवा पत्रा टाकायचा, रात्रीची शीट सकाळी कोरडीच उचलून उकिरड्यावर. पाण्याचं भांडं रोज घासायचं. पाणी कुठं वापरायचंच असेल तर इथं वापरा. जमिनीवर भाताच्या तुसाची चार-सहा इंच गादी. तूस गिरणीत मिळतं, खानापूरकडं तर भाताला तोटा नाही. आठवड्यातून एक-दोनदा ती खालीवर करायची. मूठभर घेऊन दाबून बघा: लाडू वळला तर ओल फार, भुसभुशीत सुटली तर ठीक. ओला भाग तेवढा काढून कोरडं तूस घालायचं. सगळं उपसून घासून धुणं वर्षातून दोनदा पुरतं, एकदा मे महिन्यात पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला, दोन्ही वेळा ऊन बघून. त्या वेळी नाकातोंडाला फडकं, खुराड्याची चप्पल वेगळी, ती घरात आणायची नाही. कोंबड्या दाटीनं असतील तर अर्थात जास्त वेळा.

मानमोडी येत नाही हा दावा थापच आहे. राणीखेत रोगाचा विषाणू बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबर येतो, चपलेला लागून येतो, अंड्यांच्या ट्रेला चिकटून येतो. खुराडं चकचकीत असलं तरी येतो. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, पुढं आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, याला पर्याय नाही. आठवडी बाजारातून आणलेली नवी तलंग दोन आठवडे डालग्यात वेगळी ठेवायची. सफाई करा, पण लसीच्या बदल्यात नको.

उरलेलं भराभर. डांबरगोळ्या नकोत: कोंबडी दिसेल ते टोचते आणि ती गोळी विषारी आहे. तंबाखूच्या चुऱ्यात मात्र थोडं तथ्य आहे, हे नाइलाजानं कबूल करतो, निपाणीवाले सोडणार नाहीत म्हणूनही. अमेरिकेत एके काळी उवा-किड्यांसाठी कोंबड्यांच्या दांडीला निकोटिन सल्फेट फासत. पण निकोटिन कोंबडीलाही विष आणि लावणाऱ्यालाही. उवांसाठी परसात राख आणि कोरड्या मातीचा खड्डा करून द्या, कोंबड्या स्वतःच लोळून अंग साफ करतात. चुन्याचं म्हणणं बरोबर. फटींत दडलेले गोचीड आणि लाल किडे रात्री बाहेर येऊन रक्त पितात, त्या फटी चुन्यानं बुजतात. फक्त कळीचा चुना कोरडा पसरू नका, पाय भाजतात. विरवून, सफेदी करून, वाळू द्या.

आणि मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते आलंच नाही. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर सफाईला हातच लावायचा नाही. २००६ साली महाराष्ट्रात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, त्याचीच ही लक्षणं असू शकतात. झाडू मारला की वाळलेल्या शिटेची धूळ थेट छातीत. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायच्या नाहीत, शेजारी वाटायच्या नाहीत, उरलेल्या घाईनं बाजारात न्यायच्या नाहीत. खुराडं आहे तसं बंद ठेवायचं, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवायचं, हात साबणानं धुवायचे आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या नंबरावर कळवायचं.