छोट्या ऑफिसात हात स्वच्छ कसे ठेवावेत

आमचं ऑफिस सात जणांचं. शिपाई नाही, म्हणजे कागदोपत्री नाही. प्रत्यक्षात आहे, आणि हे तोच लिहितोय. तुमचं तसं होऊ नये म्हणून चार अनुभवाचे बोल.

कुठलंही काम पहिल्यांदा करू नका. कचऱ्याची पिशवी एकदा बदललीत की ती तुमची, थेट राजीनाम्यापर्यंत.

पाण्याचा जार तळाला गेला की अर्धाच पेला भरून घ्या. जार संपवणाऱ्याला नवा चढवावा लागतो, आणि भरलेला जार 20 लिटरचा, म्हणजे 20 किलोचा. वेळ आलीच तर कंबर धरून डॉक्टरांचं नाव सांगा. (रविवारी डोंगर चढल्याचे फोटो मात्र जरा उशिरा टाका.)

कप सिंकमध्ये ठेवून वर थोडं पाणी सोडा. भिजत घातलेला कप धुतल्यातच जमा.

आता प्रिंटर. कागद अडकला तर दोन्ही हातांनी, कागद जातो त्याच दिशेने, सावकाश काढावा, असं झाकणाच्या आत चित्रासकट छापलेलं असतं. तिकडे बघू नका. उलट्या बाजूने जोर लावून ओढा. टर्रकन फाटला की हातात येईल तेवढा घ्या, झाकण लावा आणि जागेवर जाऊन बसा. लाल दिवा लुकलुकू दे, तुमच्या टेबलावरून तो कुठे दिसतोय! परवा असंच झालं. संध्याकाळी निघायच्या वेळी मला अकरा पानं काढायची होती. ट्रे उपसला, टोनर काढला, मागचं झाकण उघडलं, मोबाईल दातात धरून आत उजेड पाडला. तापलेल्या रोलरमागे नखाएवढा तुकडा! काढताना बोट भाजलं, बाहीला टोनर लागला. तो गरम पाण्याने धुवायचा नसतो, उष्णतेने आणखी पक्का बसतो, हे मला गरम पाण्याने धुतल्यावर कळलं. आणि मी गुडघ्यांवर बसलेलो असताना मागून आवाज, "झालं का रे? माझी दोनच पानं आहेत." हे साहेब कोण? त्यांच्या टेबलावर कोपरा फाटलेला एक कागद होता, त्यावर फोन नंबर उतरवून घेतलेले. तुकडा लावून बघितला. तंतोतंत बसला!

जाऊ दे तो सल्ला. अरे, चाळीस पानांच्या करारातला चुकलेला स्वल्पविराम तुम्हाला दिसतो आणि झाकणावरचं चित्र दिसत नाही? ट्रेमध्ये कागद भरायला अर्धं मिनिट लागतं. "मला त्यातलं काही कळत नाही" हे मी आता ऐकणार नाही. त्यात कळण्यासारखं काही नाहीच. तुम्ही फाडलात, तुम्हीच काढा. नाहीच निघाला तर निदान तोंडाने सांगा, गुपचूप झाकण लावून पळू नका. आणि तो निळा कप ज्याचा असेल त्याने आजच्या आज धुवा. शुक्रवारपासून भिजतोय.