‘बारोमास’मध्ये अलकाही आहे

विदर्भातल्या कादंबऱ्यांची यादी देणाऱ्या तुमच्या लेखात सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला एका ओळीत ‘शेतकरी आत्महत्येची कादंबरी’ म्हणून मोकळे झालात, ते अजिबात पटलं नाही. त्या पुस्तकात मरणापेक्षा घर जास्त आहे. शिकलेला, पण नोकरीसाठी पैसे भरू न शकल्यानं शेतीतच अडकलेला एकनाथ, जमीन विकून नोकरी घेऊ म्हणणारा त्याचा भाऊ मधू आणि या घरात जीव न रमणारी एकनाथची बायको अलका. आमच्या यवतमाळकडच्या गावात असं एक तरी घर प्रत्येक आळीत सापडेल. कापूस वेचून आलेल्या आईला मी रात्री ही कादंबरी वाचून दाखवायचो. अलका माहेरी जाते तिथं मला वाटलं, आई तिलाच नावं ठेवेल. तर ती म्हणाली, "तिचं काय चुकलं? पोरीनं सोसावं तरी किती?" पिकाचे भाव, कर्ज यावर ती काही बोलली नाही, ते तिला पाठच आहे.

आणि विदर्भाच्या यादीत उद्धव शेळक्यांची ‘धग’ नाही, हे तर फारच खटकलं. १९६० सालची कादंबरी! त्यातली कौतिक नवऱ्याचा, महादेवचा आधार नसताना संसार ओढते, आणि तिच्या तोंडची वऱ्हाडी कुठंही नटवलेली वाटत नाही. बाईच्या कष्टाबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. यादीत भर घालणार असाल तर आधी ‘धग’ घाला.