पोटमाळ्यावरचा हॅशमॅप

मुंबईत जागेचं दुखणं सगळ्यांचंच, माझ्या लॅपटॉपचंही. रॅम ८ जीबी आणि त्यात बसवायच्या १० कोटी आकड्यांच्या जोड्या: एक किल्ली, एक तिची किंमत. एक लाँग, म्हणजे जावा भाषेतला मोठा पूर्णांक, ८ बाइटचा, जोडी १६ची, एकूण १.६ जीबी. कागदावर ऐसपैस!

पण जावाच्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून किंमत काढून देणाऱ्या कपाटात, सुटा लाँग येत नाही, डब्यात (ऑब्जेक्टमध्ये) घालून येतो. डब्याचं हेडर, म्हणजे वरची चिठ्ठी, १२ बाइट, ४ बाइट नुसती रिकामी, मग ८ बाइट माल. असे दोन डबे ४८, त्यांना बांधणारा नोड ३२. टेबलातले खण धरून साडेआठ जीबी. एकट्या माणसाला घर दिलं आणि तो वऱ्हाड घेऊन आला.

मग आपण शहाणपणा करतो. हीपची, म्हणजे जावाचे डबे राहतात त्या मेमरीची, मर्यादा १२ जीबी लिहून टाकतो. जास्तीचं सामान डिस्कवरच्या स्वॅपवर, म्हणजे पोटमाळ्यावर जातं. इथवर ठीक. मग येतात जीसीमावशी, म्हणजे जावाचा कचरा उचलणारा गार्बेज कलेक्टर. मावशी कचरा शोधत नाहीत हो! त्या लागणाऱ्या वस्तू मोजतात. उरला तो कचरा. म्हणजे माळ्यावरचा एकेक डबा खाली काढून विचारणार, "हा लागतो का?" लागतो. परत वर. त्याला खाली जागा द्यायला दुसरं काहीतरी वर गेलेलं, आणि पुढचा प्रश्न नेमका त्याचाच. दादरला दारात होतं तसं: आतला उतरेना, बाहेरचा चढेना. सीपीयू डुलक्या घेतो, डिस्क शंभर टक्के, माउसचा बाण चहा होईपर्यंत जागचा हलत नाही.

उपाय ट्रंकेचा. लाँगचे दोन सरळ ॲरे, म्हणजे डब्यांविना ओळीने लावलेले आकडे, ८००-८०० एमबीचे. एकात किल्ल्या चढत्या क्रमाने, दुसऱ्यात त्यांच्याच क्रमाने किमती. मावशी ट्रंक मोजतात, आत डोकावत नाहीत. शोध बायनरी सर्चने, म्हणजे दर वेळी अर्धा भाग बाद करत, फार तर २७ टप्पे.

ट्रंकही मावेना, तर १६ बाइटच्या नोंदींची फाइल करून ती मॅप करावी, म्हणजे डिस्कवरची फाइल मेमरीसारखी वाचता येते. फाइल क्रमाने लावायला मावेल तेवढा तुकडा वाचून सॉर्ट करायचा, लिहायचा, शेवटी सगळे तुकडे मर्ज. मॅप केलेली फाइल जावात बाइटबफरमधून दिसते; तो २ जीबीच्या पुढे मोजत नाही, त्याचा इंडेक्स इंटचा, म्हणजे ४ बाइटच्या आकड्याचा. मॅपिंग काठोकाठ कापाल तर एखादी नोंद दोन तुकड्यांत फाटेल; मॅपिंगचे १ जीबीचे तुकडे करा, १६ने नीट भाग जातो. जावा २२ किंवा पुढचं असेल तर लाँग इंडेक्सचा मेमरीसेगमेंट वापरा, ही कापाकापीच नको.

आणि चॅनल, म्हणजे फाइलचा उघडलेला दरवाजा, बंद केला म्हणून बाइटबफरचं मॅपिंग सुटत नाही. मावशी तो बफर उचलतील तेव्हाच. विंडोजवर तोवर फाइल पुसताही येत नाही. पागडीचा भाडेकरूच तो.