जहाजावर दुपट्टा टाकता येत नाही

आमच्या गावातील सर्वांत मोठा जलाशय म्हणजे शिवेवरचा पाझर तलाव, आणि तोही होळीपर्यंतच तलाव असतो; पुढे पावसाळ्यापर्यंत तेथे पोरे क्रिकेट खेळतात. त्याहून मोठे पाणी पाहायचे असेल, तर मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर जावे लागते. अशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवताना समुद्रप्रवाहांचा धडा मी केवळ श्रद्धेच्या बळावर शिकवला. निवृत्तीनंतर मात्र ग्रहमान फिरले. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त सिंगापूरला गेले, आणि दर दीड-दोन वर्षांनी आम्हा दोघांना बोलावून चार-पाच दिवस क्रूझवर बसवून देणे हा मुलीचा नेम होऊन बसला. (मी घरात राहिलो की तिच्या चांगल्या नळांच्या तोट्या ‘दुरुस्त’ करतो, हे त्यामागचे खरे कारण असावे, असा सौभाग्यवतींचा कयास आहे.) अशा रीतीने चार क्रूझ माझ्या नावावर जमा झाल्या, आणि पंचक्रोशीत कोणी जहाजाचे नाव काढले, की ‘आधी गुर्जीले भेटून या’ असे त्याला सांगण्यात येऊ लागले.

यंदा तुरीच्या शेंगा भरत असताना तीन जोडपी माझ्या ओसरीवर येऊन बसली. पोलीस पाटील, कृषी केंद्रवाले शेठ आणि माझे साडू, असे तिघे सपत्नीक मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर जाणार होते. माझ्याकडे त्यांना देण्यासारखा सल्ला भरपूर होता, कारण त्यातला एकही मी पुस्तकातून घेतलेला नाही; प्रत्येक नियम मी आधी मोडला आहे आणि मग शिकलो आहे.

त्यांचा बेत ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. बडनेऱ्याहून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे आणि त्याच दुपारी बॅलार्ड पिअरला जहाज गाठायचे. “टेसनापासून बंदर जवळच हाये म्हणतात, गुर्जी,” पाटील म्हणाले. बंदर जवळ आहे हे खरेच. पण गाडी भुसावळच्या अलीकडे दोन तास उभी राहिली, तर जवळच्या बंदराचा काय उपयोग? आपल्या फाट्यावर यष्टी सुटताना कोणी धोतर सावरत पळत येताना दिसले, तर कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवतो. जहाजाच्या कप्तानाकडे अशी घंटी नसते, आणि प्रवाशांची नोंदणी तर जहाज हलण्याच्या कितीतरी आधी बंद होते. म्हणून एक दिवस आधी पोहोचावे, मुंबईत एक रात्र काढावी आणि त्या खर्चाला विम्याचा हप्ता समजावे. शेठांनी हप्ता हा शब्द ऐकून सुस्कारा सोडला.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशी येतात त्या दिवेलागणीला. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच हवा. पहिल्या खेपेस आमच्या सामानात याहून मोलाची एक वस्तू होती. जहाजावर आंघोळीला कढत पाणी मिळेल यावर सौभाग्यवतींचा विश्वास नसल्याने त्यांनी पाणी तापवायची कॉईल दोन टॉवेलांच्या मध्ये गुंडाळून घेतली होती. सगळ्यांच्या बॅगा आल्या तरी आमची येईना. शेवटी मला एका तळमजल्यावरच्या खोलीत बोलावण्यात आले. तेथे लांबलचक टेबलावर जगभरातून आलेल्या इस्त्र्या, किटल्या आणि विजेच्या शेगड्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात खोली क्रमांकाची चिठ्ठी होती, आणि त्यांच्या मध्यभागी आमची कॉईल एखाद्या पकडलेल्या सापासारखी वेटोळे घालून पडली होती. भर समुद्रात आगीसारखे दुसरे संकट नाही, म्हणून तापणारी कोणतीही वस्तू खोलीत चालत नाही. ती जप्त होते आणि उतरताना पावतीवर परत मिळते. ती पावती सौभाग्यवतींनी अजून देवघरात जपून ठेवली आहे. खोलीतल्या नळाला पाणी मात्र इतके कढत येत होते, की त्यात विसण घ्यावे लागले.

जहाज निघण्यापूर्वी आणीबाणीची तालीम असते. सात छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा वाजला, की आपापल्या नेमलेल्या जागी जमायचे. शाळेत अशा तालमी मी स्वतःच घेतल्या असल्यामुळे आणि त्या कशा घेतल्या जातात हे मला ठाऊक असल्यामुळे, पहिल्या वेळी मी खोलीत पडून राहिलो. एक अतिशय नम्र तरुणी येऊन मला घेऊन गेली. माझ्या एकट्यासाठी ताटकळलेल्या दीडशे लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडून 32 माणसे गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची तालीम व्हायचीच होती. हल्ली पुष्कळ जहाजांवर सूचना खोलीतल्या टीव्हीवर पाहून आपल्या जागी फक्त हजेरी द्यायची असते. तेवढी द्यावी. येथे विनोद करू नये.

“पन मळमळ होते म्हणतात ना?” पाटलीणबाईंनी विचारले. होते. पण ज्याने बैलबंडीच्या मागल्या टोकावर बसून शेताचा रस्ता कापला आहे, त्याला त्यावरचा उपाय आधीच माहीत असतो: मध्यभागी, आसाजवळ बसावे. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. पुढे, मागे आणि वर तो वाढत जातो. आपली माणसे मात्र जास्त पैसे मोजून सर्वांत वरची, टोकाची खोली घेतात आणि मग दोन दिवस बादलीशी बोलत बसतात. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे, तो हलतो आहे म्हणतो आणि डोळे समोरची भिंत स्थिर आहे म्हणतात. या भांडणातून मळमळ उद्भवते. बाहेर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे दोघांचे एकमत होते. सोबत आलेपाक ठेवावा.

खरा कस लागतो तो जेवणाच्या दालनात. पंगतीत वाढपी आपल्याकडे येतो आणि आपण ‘बस, बस’ म्हणत राहतो, त्यामुळे माणसाला आपली भूक किती हे कधी स्वतः ठरवावेच लागत नाही. जहाजावर वाढपी नाही, ‘बस’ म्हणणारे कोणी नाही आणि पैसे तर आधीच भरलेले. पहिल्या दिवशी मी जे ताट घेऊन निघालो, ते दोन्ही हातांनी तोलावे लागत होते, आणि त्यातील निम्म्या पदार्थांशी माझी ओळखही नव्हती. सांडलेले, टाकलेले अन्न शेजारच्या टेबलावरचे परके लोक पाहत असतात. ताट लहान घ्यावे आणि पुन्हा जावे, यात कमीपणा नाही. चिमटा ज्या भांड्याचा त्याच भांड्यात ठेवावा. चाखून पाहण्यासाठी बोट वापरू नये, हे साडूंकडे पाहून मी जरा मोठ्याने सांगितले. आणि दाराशी हात धुण्याची जागा असते, तेथे साबणाने खरोखर हात धुवावेत, कारण जहाजावर उलट्या-जुलाबांची जी साथ पसरते तिचा विषाणू, नोरोव्हायरस, बाटलीतल्या जंतुनाशकाच्या दोन थेंबांना फारसे जुमानत नाही. तीन हजार माणसे एका छपराखाली चार दिवस जेवणार असतील, तर एकाचे न धुतलेले हात हा सर्वांचा प्रश्न होतो.

येथेच माझ्या हातून भाषेचा एक अपराध घडला. ऑम्लेट करून देणारा तरुण केरळकडचा होता. आपला माणूस भेटल्याच्या आनंदात मी म्हटले, “भाई, ऊपर से थोडा सांबार डाल दो.” त्याने एकदा माझ्याकडे, एकदा ऑम्लेटकडे पाहिले, “शुअर, सर?” असे विचारले, आणि शेजारच्या टेबलावरून डाव आणून शेवग्याच्या शेंगेसकट ऑम्लेटवर ओतला. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याने कोणत्या शाळेत शिकावे? मी ते सगळे खाल्ले. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याने मला लांबून पाहिले आणि न सांगता तोच डाव उचलला.

खर्ऱ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, विषय मी टाळणार होतो, पण साडूंच्या खिशातली पन्नी वाजली. सिंगापुरात चघळायचा तंबाखू देशात आणणेच गुन्हा आहे, त्यामुळे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तेथे चार दिवस बडीशेप खाऊन सर्वांवर डाफरत होते. मुंबईहून जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला वाटते, एवढा मोठा समुद्र आहे, एक पिंक त्यात काय कळणार? पण जहाज पुढे जात असते, वारा मागे येत असतो, आणि खालच्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी पांढरे कपडे घालून चहा घेत असते. कठड्यावरून काहीही टाकायचे नाही, कागदाचा कपटाही नाही. “मंग थुकाचं कुठं?” साडूंनी कळवळून विचारले. मी विषय बदलला.

आता दुपट्ट्याविषयी. यष्टी फाट्यावर येताच खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरणे हा आपल्याकडे जवळजवळ सातबारावर नोंदलेला हक्क आहे. दुसऱ्या क्रूझवर सकाळी सहा वाजता वरच्या मजल्यावर गेलो, पोहण्याच्या हौदाशेजारी रिकाम्या आरामखुर्च्यांची रांग दिसली, आणि खांद्यावरचा दुपट्टा एका खुर्चीवर, सौभाग्यवतींची ओढणी दुसरीवर, असे टाकून मी निश्चिंतपणे नाश्ता, स्नान आणि एक डुलकी उरकून दहाला परतलो. माझ्या खुर्चीवर एक धिप्पाड गोरे आजोबा पोट उन्हात वाळवत पडले होते. मी ‘दुपट्टा, दुपट्टा’ असे दोनदा म्हटले; त्यांनी मला ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. मागे पाटीच लावलेली होती, की अर्धा तास कोणी न फिरकल्यास खुर्चीवरील वस्तू उचलण्यात येतील. टॉवेल देणाऱ्या मुलाने माझा दुपट्टा इस्त्री केल्यासारखा घडी घालून परत दिला, आणि त्या घडीतला अपमान मला बरोबर पोहोचला.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगितल्या. लिफ्टमधले लोक आधी बाहेर येऊ द्यावेत. खोल्यांच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे शेताच्या एका धुऱ्यावरून (बांधावरून) दुसऱ्या धुऱ्यावर हाक मारण्याचा आवाज रात्री अकरानंतर वापरू नये. फोन विमानाच्या मोडवर टाकावा, नाहीतर भर समुद्रात तो उपग्रहाचे जाळे पकडतो. आमच्या मेहुण्याने तुरीचा भाव सांगायला केलेला एक फोन मी उचलला, त्याच्या बिलात अर्धा क्विंटल तूर आली असती. सेवकांची बक्षिसी बहुधा दर दिवसाच्या हिशेबाने आपोआप खात्यावर पडते, ती शेवटच्या दिवशी खिडकीवर जाऊन कमी करून घेऊ नये. आपली खोली दिवसातून दोनदा आवरणारी माणसे कित्येक महिने घरी गेलेली नसतात.

वेळेविषयी मात्र मी थांबून बोललो, कारण ती माझी दुखरी नस आहे. तिसऱ्या क्रूझवर जहाज थायलंडमधील फुकेतला लागले. साडेचारपर्यंत परत या, असे बजावलेले होते. बाजारात काजूच्या पाकिटांची घासाघीस चालली असताना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, माझ्या घड्याळात चार वाजून गेले.” मी हसून त्यांना फोन दाखवला. त्यात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. “तुझे घड्याळ सेलवर चालते, फोनला वेळ वरून येते,” असे मी समजावले आणि आणखी एक पाकीट मागितले. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, फोनने स्वतःला थायलंडप्रमाणे लावून घेतले होते आणि जहाज सिंगापूरच्याच वेळेवर होते, हे ज्या क्षणी डोक्यात शिरले, त्या क्षणी मला फळ्यावर खडूने लिहिलेले माझेच अक्षर दिसले: पंधरा रेखांश, एक तास. बंदरावर मी धावत होतो, काजू मागे सांडत होते, आणि वरच्या सगळ्या सज्ज्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. उशिरा येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवणे हा क्रूझवरचा आवडता खेळ आहे. सौभाग्यवती माझ्या पुढे होत्या.

शेवटच्या रात्रीविषयी सांगायला सौभाग्यवतींनीच मला भाग पाडले. चहाचे कप उचलता उचलता “पँटचं सांगा ना,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी बांधून खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात उचलल्या जातात आणि थेट बंदरावर मिळतात. ही सोय मला इतकी आवडली, की चौथ्या क्रूझवर मी एकही कपडा न विसरता सर्व सामान नीटनेटके भरले, बॅग बाहेर ठेवली आणि समाधानाने झोपलो. सकाळी सहाला उठलो तेव्हा माझ्या अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी होती. बाकी सर्व काही माझ्या आधी सिंगापूरला उतरले होते. जहाजावरची दुकाने बंदरात बंद असतात. भिंतीवरचा झगा नेला तर त्याचे पैसे लागतात, आणि सौभाग्यवतींचा पंजाबी ड्रेस मी विचारात घेतला नाही. खुर्चीच्या पाठीवर फक्त दुपट्टा राहिला होता. तो मी लुंगीसारखा गुंडाळला. तो गुडघ्याच्या चार बोटे वर संपत होता. वर सौभाग्यवतींची शाल घेतली. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आधी फोटो पाहिला, मग मला पाहिले, मग काउंटरवरून वाकून दुपट्टा पाहिला, आणि काहीही न विचारता पासपोर्ट परत दिला. जावई न्यायला आले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा ते जरा जास्तच वेळ खाली राहिले, असे मला अजून वाटते.

ओसरीवर थोडा वेळ शांतता होती. पाटलांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांनी ताणून त्याची लांबी पाहिली आणि म्हणाले, “म्हंजे गुर्जी, खुर्चीसाठी नाई, तरी दुपट्टा तं न्याचाच ना?”