अंड्यातलं घड्याळ

तामागोची आठवतंय का कुणाला? अंड्याएवढं, मुठीत मावणारं, तीन बटणांचं खेळणं; त्याच्या चिमुकल्या पडद्यावर एक आभासी बाळ पाळायचं. माझ्याकडे होती ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या फुटपाथवरची चिनी नक्कल, पण भूक तिलाही लागायचीच. शाळेत न्यायला बंदी, म्हणून सकाळी मी ते आईच्या हवाली करायचो. हात कणकेने माखलेले, त्यामुळे ती करंगळीने बटण दाबायची आणि वर मलाच ऐकवायची, "तुला भरवून झालं, आता हे!"

खोक्यावर नाव बंदाई या जपानी खेळणी-कंपनीचं, त्यामुळे सगळं श्रेय तिकडेच जातं. कल्पना मात्र 'विझ' या जपानी कंपनीच्या अकिहिरो योकोईंची. हे गृहस्थ आधी बंदाईतच नोकरीला होते. बाहेर पडून त्यांनी खेळणी रचून देणारी स्वतःची कंपनी काढली. बंदाईच्या आकी माइता यांच्या साथीने तामागोची घडलं आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आलं.

तामागो म्हणजे अंडं, आणि शेवटचं 'ची' आलंय ते 'वॉच'च्या जपानी उच्चारातून. आधी हे मनगटावर बांधायचं ठरलं होतं म्हणे. पट्टा गेला, घड्याळ आत राहिलं. माझ्या मते खरी करामत तीच. ३२ बाय १६ ठिपक्यांत चित्र ते काय दिसणार! पण बाकीचे गेम तुमच्यासाठी थांबतात, हे थांबत नाही. भरवा, शी काढा, आजारी पडलं तर इंजेक्शन द्या, झोपलं की दिवा मालवा. विसरलात की मेलं. जपानी तामागोचीत सरळ भूत आणि थडगं दिसायचं. अमेरिकेसाठी त्याचा पंखवाला देवदूत केला. मला तो निव्वळ भित्रेपणा वाटतो.

१९९७ मध्ये योकोई आणि माइतांना अर्थशास्त्राचं 'इग नोबेल', म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं बक्षीस, मिळालं: माणसांचे कामाचे लाखो तास आभासी जनावरं पाळण्यात घालवल्याबद्दल! त्याच वर्षी विझ-बंदाईचं डिजिमॉन आलं. दोन यंत्रं एकमेकांना जोडायची आणि आपापली जनावरं लढवायची. लोक कार्टूनच ओळखतात, पण आधी आलं ते खेळणं. खपलं जोरात, माझं मन मात्र रमलं नाही. झुंजीसाठीच कोंबडा पाळायचा, तर त्यात माया कसली?

अस्सल तामागोचीत पोरांनी एक पळवाट शोधली होती. वेळ लावायचा स्क्रीन उघडा ठेवला की बाळाचाही काळ थांबायचा. माझ्या नकलेत तीही सोय नव्हती. सहामाहीच्या पहिल्याच दिवशी ते गेलं. आईने पेपर संपेपर्यंत पत्ता लागू दिला नाही. सेल उतरलाय म्हणाली.