मागचे दात

साताऱ्यात एखाद्याला घाटाविषयी मत नसेल तर तो बदलीवर आलेला आहे असं खुशाल समजावं. उत्तरेला खंबाटकी, वाईहून वर जायला पसरणी, मेढ्याकडून केळघर, कासला जाताना यवतेश्वर आणि पाटणवरून कोकणात उतरायला कुंभार्ली. ज्याच्या दारात नुसती मोटरसायकल आहे, तोही कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकायचा हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. आमच्या दारात तर घोडा आहे. म्हणजे हौदा नसलेला, पुढच्या केबिनपुरताच ट्रक. त्याच्या मागं लोबेड, म्हणजे बुटक्या सपाट पाठीचा ट्रेलर आणि त्यावर कुणाचं तरी पोकलेन. मशीन, ट्रेलर आणि घोडा मिळून वजन चाळीस टनांच्या आसपास. एवढं वजन घाटात ओढायचं म्हटल्यावर गावानं सल्ला द्यायचा नाही तर काय करायचं?

प्रकरण सुरू झालं आवाजावरून. गाडी चाळिशीच्या पुढं गेली की मागून, भजनाच्या पेटीवर कुणीतरी एकच पट्टी दाबून धरावी तसा सूर लागायचा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा, पुन्हा दाबला की मूळ पदावर. ड्रायव्हर मामा म्हणाले, "शेट, गाडी रडतीया." मिस्त्रीनं हाऊसिंगचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या पेटीचा, खालचा बोल्ट सोडला, ऑईल पत्र्याच्या डब्यात घेतलं, त्यात बोट बुडवलं आणि ते बोट उन्हात माझ्या नाकासमोर धरलं. काळ्या तेलात चंदेरी कण चमकत होते. "ही सगळी चांदी तुमचीच," तो म्हणाला. मग दोरीला बांधलेलं लोहचुंबक तळाला फिरवून त्यानं दाताचा तुकडा वर काढला. करंगळीच्या नखाएवढा. एका बाजूनं घासून आरशासारखा लख्ख झालेला आणि तुटलेल्या बाजूनं करडा, खरबरीत. तो त्यानं माझ्या तळहातावर ठेवला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "क्राऊन-पिनियन गेलं."

ज्यांच्या नशिबी हे ज्ञान आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिअरबॉक्समधून निघालेला लांब शाफ्ट मागच्या एक्सलपाशी येतो. त्याच्या टोकाला लहानसं पिनियन असतं. ते मोठ्या क्राऊनला फिरवतं आणि क्राऊन चाकांना. आमच्या पिनियनला ७ दात आणि क्राऊनला ४१, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला ५.८६ वेळा फिरावं लागतं. ह्यालाच रेशो म्हणतात. हे दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीनं बाहेर पडतात, दोघांवर एकच नंबर टाकलेला असतो. पिनियनचा दात गेला म्हणून एकटं पिनियन बदलता येत नाही. धडधाकट दिसणारं क्राऊनही भंगारात जातं.

"होतं तेच टाका" हे शब्द माझ्या तोंडून निघण्याआधी मिस्त्री म्हणाला, "नवंच टाकायचंय तर दुसरा जोड टाकू या का? ह्याच हाऊसिंगला सहा-सदतीस बसतो, सहा-एक्केचाळीसही बसतो."

तोवर गाडीच्या सावलीत आडवे झालेले मामा ताडकन उठून बसले. "सहा-एक्केचाळीसच! सात-एक्केचाळीसनं लोड उचलतच न्हाय. चढाला एकदा थांबलं की क्लचचा वास सुटतोय."

४१ भागिले ६ म्हणजे ६.८३. आकडा मोठा झाला की चाकावर ओढ वाढते आणि त्याच इंजिनफेऱ्यांत वेग कमी मिळतो. इंजिनची ताकद मात्र गुंजभरही वाढत नाही. ओढ वेगातून कापून दिलेली असते, पगारातून पीएफ कापावा तशी नाही, अगदी जागच्या जागी. हे मी मामांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय. पन ताकद वाढतीया."

संध्याकाळी पुण्याच्या मेहुण्यांचा फोन आला. ते एका कंपनीत कॉम्प्युटरवर गाड्यांची गणितं करतात, त्यामुळं घरातलं कुठलंही चाक त्यांना विचारल्याशिवाय फिरत नाही. त्यांनी आधी टायरचा साईज विचारला. दहा-वीस म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे एका फेरीत चाक साधारण ३.२ मीटर जातं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाच्या ३१२ फेऱ्या. आता टॉप गिअर सरळ धरा, म्हणजे इंजिन फिरेल तेवढाच शाफ्ट. सात-एक्केचाळीसला इंजिन १८३० वर फिरेल, सहा-एक्केचाळीसला २१३५ वर. तुमचा हिरवा पट्टा कुठं संपतो?"

डॅशबोर्डवर इंजिनच्या फेऱ्यांचा काटा असतो आणि त्यात एक हिरवा पट्टा असतो. काटा तिथं राहिला की डिझेल कमी लागतं. हा पट्टा कुठं संपतो ते बघायला मी मामांना सांगितलं. मामा केबिनमध्ये डोकावून आले आणि म्हणाले, "तिथं गणपतीचा फोटू लावलाय."

मेहुण्यांचा निकाल सहा-सदतीसच्या बाजूनं पडला. भागाकार ६.१७, ना इकडं ना तिकडं, सुवर्णमध्य. सुवर्णमध्याची अडचण दुसऱ्या दिवशी पार्टवाल्यानं सांगितली. "सहा-सदतीस ऑर्डर देऊन मागवावा लागेल. सात-एक्केचाळीस जुन्या भावातला शेल्फात पडलाय. आणि खरं सांगू का, तुमच्या गाडीला तोच चांगला." मी विचारलं, तो न्यायचा नसेल तर? त्यानं पंख्याकडं बघत थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग सहा-एक्केचाळीस चांगला. तोही एक आहे."

आमच्या आळीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. त्यांचं म्हणणं असं की रेशोबिशो काही नसतं, पाय लागतो. त्यांनी म्हणे भरल्या पावसात, धुक्यात, टपावर बोचकी आणि आत दुप्पट माणसं घेऊन केळघर घाट चढवला, तेव्हा मागं किती दात आहेत हे डेपो मॅनेजरलासुद्धा माहीत नव्हतं. हे बोलताना त्यांचा उजवा पाय चप्पल सोडून जमिनीवर हलकेच दाबला जात होता. मला ते पटलंही. पण त्यांचा पाय विकत घेता येण्यासारखा नव्हता.

एवढ्या गदारोळात मला पडलेली खरी शंका वेगळीच होती. हे आकडे असे आडनिडे का? सदतीस काय, एक्केचाळीस काय! सरळ छत्तीस दात केले तर सहानं निःशेष भाग जातो, मेहुण्यांना फोनसुद्धा करावा लागत नाही. मिस्त्री यावर पहिल्यांदाच मनापासून हसला. "छत्तीस केले की छत्तीसचा आकडाच व्हायचा की! सहाला छत्तीस लावले तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच सहा दातांवर आपटणार. एक खराब असला की तेच सहा खराब. सदतीस, एक्केचाळीसला भागच जात नाही, म्हणून ह्याचा प्रत्येक दात फिरत फिरत त्याच्या प्रत्येक दाताला भेटतो. झीज सगळ्यांना सारखी." शाळेत मूळ संख्या कशाला शिकवतात हे मला असं वयाच्या पन्नाशीत, गॅरेजात उकिडवं बसून कळलं.

दरम्यान कोरेगावकडचे एक वाहतूकदार स्नेही भेटून गेले. त्यांचा घोडा दहा चाकी, मागचे दोन्ही एक्सल ओढणारे. तिथं रेशो बदलायचा तर दोन्हीकडं एकदम बदलावा लागतो, नाहीतर पुढचा एक्सल एका वेगानं आणि मागचा दुसऱ्या वेगानं फिरायला बघतो आणि मधल्यामध्ये दात जातात. "तुझं बरं आहे," ते म्हणाले, "तुला एकाच घरात भांडण आहे."

निर्णय शेवटी खेपांच्या वहीनं केला. आमच्या धंद्याचा हिशेब बायकोकडं असतो. तिला पिनियनमध्ये काडीचा रस नव्हता. तिनं वही पुढं टाकली आणि म्हणाली, "गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. भरलेली चाळीसच्या वर जात नाही, रिकामी साठनं येते. तुम्हाला कुठल्या बाजूचं सुख पाहिजे ते सांगा." मग मी तिच्याच आकड्यांना मेहुण्यांचं गणित लावलं. ताशी ४० ला सात-एक्केचाळीसवर इंजिन टॉपमध्ये जेमतेम १२२० फिरतं, म्हणजे गुदमरतं. मामा खालचा गिअर टाकतात आणि चढावर क्लचवर तरंगत राहतात. सहा-एक्केचाळीसला तेच १४२० च्या वर जातं, निवांत. रिकामं येताना मात्र इंजिन बोंबलणार आणि डिझेल जास्त पिणार. हे सगळं मी तिला सांगत असताना तिनं वहीतलं क्लचप्लेटचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. घरच्या किराण्याचं पान त्याहून लहान होतं.

सहा-एक्केचाळीस आणला. (पार्टवाला म्हणाला, "मी तेच सांगत होतो.")

जोड बसवण्याचं काम मात्र मान वर करून बघण्यासारखं असतं. मिस्त्रीनं क्राऊनच्या तीन-चार दातांना बोटानं निळा रंग फासला, पिनियन हातानं सावकाश फिरवलं आणि दातांवर कुठं ठसा उमटला ते बॅटरी लावून पाहिलं. ठसा दाताच्या शेंड्याकडं गेला होता. पुन्हा सगळं उसवून पिनियनमागं कागदापेक्षा थोडी जाड शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घातली, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. ठसा मधोमध आला, किंचित आतल्या अंगाला. "असाच पाहिजे," तो म्हणाला, "लोड आला की तो बाहेर सरकतो. आत्ता मधोमध ठेवला तर घाटात कडेला जाईल." मग डायल गेज लावून दोन दातांमधली फट मोजली. हा माणूस चहाला गेला की पैसे द्यायला विसरतो, पण इथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी त्यानं मला जेवायला सोडलं नाही.

पहिली भरलेली खेप पुण्याकडून होती. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आहे, पण तेव्हा पुण्याहून येताना जुना घाटच चढावा लागायचा. देवानं चढ आमच्याच वाटणीला ठेवला होता. मामांचा माथ्यावरून फोन आला. मागं हॉर्न, ब्रेकची फुसफुस आणि मामांचा आवाज: "शेट, मध्ये एकानं आडवी मारली, थांबलो, आन् परत उचलली. वास न्हाय, काय न्हाय!" मलाही भरून आलं, नाही असं नाही.

आणि मग चमत्कार व्हायला लागले. मामा सांगू लागले की लोड असूनसुद्धा गाडी पन्नासनं पळते. त्याहून मोठा चमत्कार म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढलं. पूर्वी लिटरला पावणेतीन पडायचं, आता सरळ तीन. मामांनी ढाब्यावर ही बातमी अशी पसरवली की दोघातिघांनी मिस्त्रीकडं नंबर लावले. मेहुण्यांना सांगितलं तर ते फोनवर बराच वेळ गप्प राहिले. इंजिनिअर गप्प राहिला म्हणजे त्याच्या पुस्तकाबाहेर काहीतरी घडलंय, या समाधानात मी होतो.

ते समाधान बायकोनं वही बघता बघता घालवलं. "कराड लांब गेलंय का?"

"म्हणजे?"

"आपल्या शेडपासून कराडचं क्रशर बावन्न किलोमीटर. वर्षानुवर्षं बावन्न लिहितेय. आता मामा साठ-एकसष्ट लिहितात."

मीटरची तार आमच्या गाडीत गिअरबॉक्सपासून निघते. शाफ्ट किती फिरला एवढंच त्या बिचाऱ्याला कळतं, मागं दात बदलल्याची वर्दी त्याला कुणी दिलेली नसते. चाक तेवढंच, पण शाफ्ट जास्त फिरतो, म्हणून वेगही जास्त दिसतो आणि किलोमीटरही. पूर्वी सात दात, आता सहा. तेव्हा मीटरच्या आकड्याला सातानं भागून सहानं गुणायचं. साठ-एकसष्टचे परत बावन्न होतात. तीनच्या अ‍ॅव्हरेजचे होतात २.५७. डिझेल वाढलंच होतं, फक्त मीटरनं ते पोटात घातलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण मामांचा भत्ता किलोमीटरवर आहे. बायकोनं वहीत नवा रकाना पाडला आणि त्यावर "सहा सप्तमांश" असं लिहिलं. मामा समोर उभे होते. त्यांनी रकाना पाहिला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "वहिनी, टायर झिजला की चाक लहान होतंय. मग मीटर आणखी जादा दावणार. त्याचं बी कापनार का?"

"कापणार," ती म्हणाली.

"मग मागचं चार टायर नवं टाका की. हिशेब सरळ ऱ्हाईल."

बायकोनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मेहुण्यांना फोन लावला.